केल्यासारख्या दिसू नयेत

सकाळी ७.२०

पुण्यातल्या डहाणूकर कॉलनीतली जुनी इमारत. दुसरा मजला, लिफ्ट नाही. पार्लरवाल्या ताई पिशवी खांद्याला अडकवून चढतात. पिशवीत दोऱ्याचं रीळ, छोटी वाकडी कात्री, प्लकर, भुवया विंचरायचा ब्रश, पावडरचा डबा, कोरफडीची जेल आणि धुतलेला नॅपकिन. घरी येऊन आयब्रो करायचे १५० रुपये. पार्लरमध्ये ६०. वरचे ९० पेट्रोलचे आणि जिन्याचे.

आजी ऐंशीच्या पुढच्या. खिडकीपाशी खुर्चीत तयार बसल्यात. कपाळावर हिरवट गोंदणाचा ठिपका. त्याच्या दोन्ही बाजूंना भुवया म्हणायच्या तर आहेत, नाही म्हटलं तरी चालेल.

"राहिलंय काय, की तू करणार?" आजी विचारतात.

"राहिलंय ते टिकवणार," ताई म्हणतात.

दोरा पिशवीतच राहतो. ताई ब्रशने भुवया वरच्या दिशेने विंचरतात. चार-पाच पांढरे, राठ केस इतरांपेक्षा लांब निघतात. तेवढेच कात्रीने कापतात. उपटत नाहीत. या वयात उपटलेल्या केसाच्या जागी दुसरा येईलच असं नाही. मग प्लकरने मधले दोन केस. हनुवटीवरचा एक, आजींनी हळूच बोट ठेवून दाखवलेला. दहा मिनिटांत काम संपतं. चहाला पंधरा मिनिटं लागतात, कारण सुनेला तिच्या बहिणीची अडचण सांगायची असते.

सकाळी ९.००

पार्लर म्हणजे तळमजल्यावरचा दहा बाय चौदाचा गाळा. भाडं १४,००० रुपये, वीज कमर्शियल दराने. आज गुरुवार आणि पाणी बंद. काल रात्रीच एक पिंप आणि दोन बादल्या भरून ठेवल्यात. मदतनीस मुलगी फरशी पुसते. ती वारज्याहून बसने येते. महिन्याला ९,०००, शिवाय तिने केलेल्या फेशियलमागे १०० रुपये.

ताई कात्र्या आणि प्लकर साबणाने धुतात, पुसतात, निर्जंतुक करायच्या द्रावणात बुडवून ठेवतात. दुपारच्या कामाच्या वस्तू वेगळ्या कपाटात आहेत. त्या कपाटाला कुलूप असतं.

सकाळी १०.०५

ऑफिसला उशिरा जाणाऱ्या मुलींची वेळ. खुर्ची मागे झुकते. ताई दोऱ्याचा फेरा गळ्यात अडकवतात. पूर्वी टोक दातांत धरायच्या, करोनापासून ते सोडलं. दोन हातांत दोरा, मध्ये पीळ. पीळ मागे-पुढे सरकतो, त्यात केस सापडतो आणि निघतो. मुलगी एका हाताने पापणी खाली ओढून धरते, दुसऱ्या हाताने कपाळ वर.

"घट्ट धर. सोडलंस तर दोरा कापेल."

सहा मिनिटांत एक गिऱ्हाईक. मागितली तर अप्पर लिप, तिचे २० वेगळे. दुसऱ्या खुर्चीवर मदतनीस मुलगी. पावडर, दोरा, जेल, आरसा, क्यूआर कोड. गुरुवारी केस कापायला बायका सहसा येत नाहीत. थ्रेडिंगला मात्र वार लागत नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय.

सकाळी ११.२५

काकू येतात. वय चौसष्ट. काका बाहेर स्कूटरवर पेपर वाचत थांबतात. काकूंनी मोबाइल आधीच काढून ठेवलाय. पडद्यावर एक भुवई. दाट, सलग, एकेक केस वेगळा काढलेला.

"हे मायक्रोब्लेडिंग. माझ्या भाचीने केलंय. अकरा दिवसांनी नातवाची मुंज आहे. तेवढ्यात होईल ना?"

ताई लगेच उत्तर देत नाहीत. काकूंना खिडकीच्या उजेडात बसवतात. चष्मा काढायला सांगतात. मग म्हणतात, "काकू, डोळे मिटा. कपाळ सैल सोडा. अजून सैल."

काकूंच्या भुवया खाली येतात. चांगल्याच. वयाबरोबर पापणी जड होते, आणि नीट दिसावं म्हणून बाई दिवसभर नकळत कपाळ वर ओढून धरते. बहुतेक वेळा एक बाजू जास्त. त्या ओढलेल्या कपाळावर भुवई आखली तर झोपेतून उठल्यावर ती भलतीकडेच दिसेल. म्हणून आधी डोळे मिटायचे. हे ताईंना कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. तिथे मॉडेल म्हणून आलेल्या सगळ्या पंचविशीतल्या होत्या.

काकूंच्या भुवया मध्ये बऱ्या आहेत, शेपटाकडे विरळ. तरुणपणी अगदी बारीक कोरून घ्यायची फॅशन होती. वर्षानुवर्षं दर पंधरा दिवसांनी तिथले केस ओढले गेले, आणि एक दिवस ते यायचे थांबले. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या फॅशनची बिलं ताईंच्या खुर्चीत येतात.

आता प्रश्न सुरू होतात. ताईंकडे छापलेला कागद आहे, पण त्या तोंडी विचारतात. बीपी? आहे, गोळी चालू. शुगर? काठावर. थायरॉइड? नाही. जखमेवर मांस वाढतं का? नाही. रात्री तोंडाला लावायची सुरकुत्यांची क्रीम? नाही. रक्त पातळ व्हायची गोळी?

काकू थांबतात. "ती इकोस्प्रिन म्हणतेस का? ती असते रोज. दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय ना."

ताई पेन खाली ठेवतात.

"मग मायक्रोब्लेडिंग नाही करायचं."

"चार दिवस गोळी बंद ठेवते की."

"अजिबात नाही. भुवयांसाठी हृदयाची गोळी बंद करायची नाही. मी सांगितलं म्हणून तर मुळीच नाही."

ताई समजावून सांगतात. मायक्रोब्लेडिंग म्हणजे मेकअप नव्हे. हातात धरायच्या पट्टीला एका ओळीत बारीक सुया बसवलेल्या असतात. त्याने कातडीवर केसाएवढी चीर पाडायची आणि चिरेत रंग भरायचा. रक्त पातळ असेल तर ते झिरपत राहतं आणि रंगाला बाहेर ढकलतं. रेघ फिसकटते, शिवाय जखम ती जखमच. दुसरं म्हणजे, पातळ आणि सैल कातडीवर चीर सरळ बसत नाही. पहिल्या दिवशी फोटोसारखी दिसते. भरून आल्यावर रेघा एकमेकींत मिसळतात. आणि तिसरं, मुंज. पहिले चार दिवस भुवया गडद दिसतात. मग खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत सुटते, ती कुठे सुटते, कुठे राहते. अकराव्या दिवशी फोटोत काय येईल, याची खात्री कुणी देऊ नये.

काकूंचा चेहरा उतरतो. मला त्या फोटोचा राग येतो. मोबाइलमधल्या या फोटोंत बहुतेक वेळा भुवई नुकती केलेली असते, कातडी ताणलेली असते आणि बाई आडवी पडलेली असते. सहा आठवड्यांनी, उभ्याने भाजी चिरताना काढलेला फोटो कुणी टाकत नाही.

"मग मी अशीच जाऊ?"

"अशीच कशाला? बसा."

ताई दोरा घेतात. भुवईच्या वरच्या कडेला हात लावत नाहीत. खालून मोजके केस काढतात, तेवढ्याने पापणी जरा मोकळी दिसते. लांब केस कापतात. मग तपकिरी पेन्सिल टोक करून काकूंच्याच हातात देतात.

"शेपूट कुठे संपवायचं ते बघा. नाकपुडीच्या कडेपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिल तिरकी धरा. ती पुढे जिथे लागते तिथे थांबा. त्याच्याही किंचित आधी थांबलात तर चांगलं. आणि शेपूट खाली उतरवायचं नाही. उतरवलं की सगळा चेहरा रडवेला दिसतो."

काकू पहिली रेघ जाड काढतात. ताई ती कापसाने पुसतात. दुसरी बरी येते. तिसऱ्या वेळी काकू बारीक तुटक रेघा ओढतात आणि आरशात डावीकडे-उजवीकडे मान वळवून बघतात.

पांढऱ्या केसांना टिंट करता येईल. ४०० रुपये, दोन-तीन आठवडे टिकतो. पण आज नाही. केसांचा डाय काही बायकांना अंगावर उठतो. भुवई डोळ्याच्या इतक्या जवळ आहे की तिथे प्रयोग नको. घरातला केसांचा डाय तर तिथे कधीच लावायचा नाही. ताई काकूंच्या कानामागे टिंटचा लहानसा ठिपका लावतात. खाज, लाली, पुरळ काही आलं तर फोन करायचा. नाही आलं तर शनिवारी यायचं.

"किती झाले?"

"साठ."

"आणि एवढा वेळ घेतलास त्याचे?"

"साठच."

घड्याळात पाऊण वाजलाय. एवढ्या वेळात दहा आयब्रो झाल्या असत्या. काकू होय म्हणाल्या असत्या आणि ताईही होय म्हणाल्या असत्या, तर १२,००० चं काम होतं. काका स्कूटर सुरू करतात. काकू मागे बसताना आरशात पुन्हा एकदा बघून घेतात.

दुपारी १.१०

डबा. ज्वारीची भाकरी, मेथी, दाण्याची चटणी. शटर अर्धं खाली. ताई पाय समोरच्या स्टुलावर ठेवतात. पोटऱ्यांच्या शिरा दुखतात, मान त्याहून जास्त.

भुवयांचा कोर्स त्यांनी चार वर्षांपूर्वी मुंबईला जाऊन केला. पाच दिवस, ४५,००० रुपये. नवऱ्याने विचारलं होतं, आयब्रो तर तुला येतातच की. मशीन ३८,००० चं, हप्त्याने घेतलं. हप्ते आत्ता कुठे संपलेत. पहिलं वर्षभर त्या रबराच्या कातडीवर आणि स्वतःच्या बहिणीवर सराव करत होत्या. बहीण अजून ऐकवते.

महिन्याला अशी दोन कामं मिळाली तर महिना चांगला गेला. काही महिने एकही नाही. मॉलमधल्या क्लिनिकमध्ये हेच काम २५,००० ला होतं. ताई १२,००० घेतात, त्यातच सहा आठवड्यांनंतरचा टच-अप.

"त्यांच्याकडे एसी आहे, मोठा सोफा आहे," ताई सांगतात. "सुई मात्र तीच."

दुपारी २.००

मॅडम वेळेवर येतात. वय अठ्ठावन्न, बँकेतून निवृत्त. थायरॉइडची गोळी गेली कित्येक वर्षं चालू. दोन्ही भुवयांचा बाहेरचा तिसरा हिस्सा गेलेला. थायरॉइड कमी पडला की नेमका तोच भाग विरळ होतो. मागच्या आठवड्यात त्या विचारायला आल्या होत्या, तेव्हा ताईंनी आधी रक्ताचा रिपोर्ट मागितला. तो ठीक आला. रंगाची चाचणीही त्याच दिवशी करून ठेवली. ३,००० आगाऊ दिलेत.

ठरलंय ते पावडर ब्रो. रेघा नाहीत. मशीनच्या एकाच सुईने अगदी विरळ ठिपके द्यायचे, चिमटीतून रांगोळी भुरभुरावी तसे. पुढच्या टोकाला जवळजवळ काही नाही, शेपटाकडे थोडं जास्त. सैल कातडीवर ठिपका थोडा पसरला तरी ठिपकाच राहतो.

रंगावरून वाद होतो. मॅडम केस काळे करतात, म्हणून भुवयाही काळ्या हव्यात.

"मॅडम, काळा रंग कातडीत काळा राहत नाही. पुढे निळसर राखाडी होतो. तुम्ही अशा बायका बघितल्या असतील."

मॅडमनी बघितल्यात. त्यांच्याच शाखेत एक होत्या. अशा निळ्या भुवया घेऊन ताईंकडेही बायका येतात. त्यांच्यावर दुसरा रंग चढवायला ताई नकार देतात. लेझरसाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवतात. लेझर लागला की काही रंग आधी उलटे गडद होतात, तेव्हा ते काम डॉक्टरांचंच.

ठरतो तो मध्यम तपकिरी, केसांपेक्षा दोन छटा फिका. "उद्या केस रंगवायचे सोडलेत तरी शोभेल," ताई म्हणतात. मॅडम यावर काही बोलत नाहीत.

दुपारी २.२५

आखणी. मॅडम ताठ बसलेल्या. आडवं पाडून आखलं तर गाल आणि कपाळ कानाकडे ओघळतात. उठून बसल्यावर आखलेलं सगळं सरकतं. रंग माखलेला दोरा ताई कपाळावर ताणतात आणि टिचकी मारतात. बारीक रेष उमटते. नाकाच्या मध्यावर एक, भुवईच्या वर, खाली, पुढे, मागे. कॅलिपरने अंतर मोजतात. डावी भुवई दोन मिलिमीटर वर आहे. सगळी तफावत रंगाने भरून काढायची नाही. निम्मी भरायची, निम्मी चेहऱ्याची म्हणून सोडायची.

मॅडम आरशात बघतात. "अजून थोडं जाड?"

"आज थांबू. सहा आठवड्यांनी वाढवता येतं. कमी करता येत नाही."

मोबाइलवर फोटो. सहीचा कागद. मग बधीर करायची क्रीम, वरून प्लास्टिकची फिल्म. पंचवीस मिनिटं. तेवढ्यात मदतनीस मुलगी बाहेरच्या खुर्चीवर दोन आयब्रो उरकते.

दुपारी ३.१०

ताई हात कोपरापर्यंत धुतात. मुलगी मगाने पाणी ओतते. मोजे, मास्क, डोक्यावर दिवा. मशीनला फिल्म गुंडाळलेली. सुईचं पाकीट मॅडमसमोर फोडायचं. आधी त्यावरची मुदत मोठ्याने वाचायची. एक सुई १४० रुपये, आज दोन लागतील. रंगाचे तीन थेंब बोटातल्या अंगठीच्या कपात.

मशीनचा आवाज बारीक असतो. डाव्या हाताची दोन बोटं कातडी ताणतात, उजव्या हाताची करंगळी तिसऱ्या बाजूने. या वयाची कातडी ताणून धरणं हेच खरं कष्टाचं काम. बोटं जरा ढिली पडली की सुई अडखळते. दाब जास्त झाला की रक्ताचा थेंब वर येतो. थेंब दिसला म्हणजे सुई खोल गेली. ताईंच्या कापसावर आज लाल जवळपास नाहीच. तपकिरी पुसायचं, बघायचं, परत.

पहिली फेरी. दुसरी. मॅडम आधी मुलाविषयी बोलत होत्या, मग गप्प झाल्या. मग चक्क घोरल्या. मुलगी तोंडावर हात धरून हसते. ताई हसत नाहीत. त्यांची मान गेली चाळीस मिनिटं एकाच कोनात आहे.

तिसरी फेरी फक्त शेपटाला. पुढच्या टोकाला सुई न टेकवताच ताई मशीन बंद करतात.

दुपारी ४.४०

मॅडम उठून बसतात. आरसा. बराच वेळ.

"गडद नाही वाटत?"

"आज वाटेल. उद्या आणखी वाटेल."

सूचना तोंडी आणि कागदावरही. आठ-दहा दिवस भुवयांना साबण नाही, क्रीम नाही, डाय नाही. घाम टाळायचा, फोडणीच्या वाफेवर वाकायचं नाही. ऊन लागू द्यायचं नाही. दिलेलं मलम तांदळाच्या दाण्याएवढं, पातळ. खपली काढायची नाही. पू, ताप, सूज वाटली तर मला नाही, डॉक्टरांना दाखवा. आणि कधी एमआरआय करायची वेळ आली तर तिथे आधी सांगा, रंगात लोह असतं.

९,००० यूपीआयने येतात. सुया कडक प्लास्टिकच्या बरणीत जातात. बरणी भरली की शेजारच्या दंतवैद्यांच्या दवाखान्यातल्या कचऱ्याबरोबर ती नेली जाते. त्यासाठी महिन्याला २०० रुपये.

ताई दोन्ही हात भिंतीला टेकवून पाठ ताणतात.

संध्याकाळी ५.३०

पाणी आलं. मुलगी आधी नळ सोडून हात धुते, मग ओरडून सांगते.

आता थांबायला वेळ नाही. ऑफिसमधून परतणाऱ्या, क्लासमधून मुलांना आणणाऱ्या, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या. दोन फेशियल मुलीकडे. थ्रेडिंग ताईंकडे. एक बाई तेराचौदा वर्षांच्या लेकीला घेऊन येते, पहिल्या आयब्रोसाठी. ताई त्या दाट, मोकळ्या भुवयांकडे बघतात आणि फक्त मधले केस काढतात. "एवढंच?" आई विचारते. "एवढंच. ४० द्या."

रात्री ८.५०

वहीत हिशेब. थ्रेडिंग ३१, त्याचे १,८६० धरतात, मग ते खोडून १,८४० करतात. अप्पर लिपचे ३६०. फेशियल दोन, १,८००. आजींचे १५०. मॅडमचे ९,०००. एकूण १३,१५०. काल सगळे मिळून ३,९०० होते, परवा त्याहून कमी. समोर खर्च: मुलीचे फेशियलचे २००, दुपारच्या कामाचं सामान सगळं धरून हजाराच्या आत. मोज्यांचा खोका संपत आलाय. दोऱ्याची दोनच रिळं उरलीत, सोमवारी रविवार पेठेत चक्कर.

मोबाइल वाजतो. मॅडमचा फोटो आहे, अगदी जवळून काढलेला. खाली लिहिलंय, फार काळ्या झाल्यात का, मुलगा हसतोय.

ताई शटर ओढता ओढता बोलून निरोप पाठवतात. "मॅडम, आज-उद्या अशाच दिसणार. खपली पडली की तुम्हाला वाटेल सगळं गेलं, तेव्हाही घाबरून फोन कराल. तीन-चार आठवड्यांत रंग परत वर येतो. तोपर्यंत मुलाला बघू देऊ नका. आणि तो भिंगाचा आरसा आहे ना तुमच्याकडे, तो कपाटात ठेवून द्या."